झूराची पहिली ओळ

(किर्गिझ डोंगरातलं गाव. प्रेत ठेवायला घराशेजारी उभारलेला लोकरी तंबू. पडद्यामागे तोक्तोसुनचं प्रेत. पडद्याच्या अलीकडे त्याची बायको झूरा आणि शोकगीतं बांधून देणारी म्हातारी बुर्माकान.)

बुर्माकान : बरं, गरुड राहू दे. गाण्यात त्याला वाघ म्हणू या?

झूरा : वाघ कसला, आपा. कुत्र्याला लाथ मारायची तरी त्याला आधी प्यावी लागायची.

बुर्माकान : त्यानं काय अडतंय? मागच्या थंडीत तो गुराखी गेला ना, त्याला साधी मेंढी भीक घालत नव्हती. माझ्या गाण्यात त्यानं सात लांडगे फाडले. उचलायला गेले तर मुडदा हलेचना, इतका जड. दोन लांडगे कमी करून परत गायले, तेव्हा कुठे उठला.

झूरा : हसवू नका. बाहेर दीर उभा आहे.

बुर्माकान : मग रड. पाहुणे आले आणि बायकोच्या तोंडून गाणं फुटलं नाही, तर म्हणतील हिनंच घालवला त्याला. पोरगं ठेवून घेतील आणि तुला हाकलतील.

झूरा : म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही बांधा, मी पाठ करते.

बुर्माकान : केलंस की मघाशी पाठ. शेळ्या मोजल्यासारखं गात होतीस. पुढचं सगळं मी देते गं, पहिली ओळ तेवढी तुझी हवी. त्याची एखादी चांगली आठवण काढ.

झूरा : नाही.

बुर्माकान : लग्नातली?

झूरा : ओकत होता.

बुर्माकान : पोरगं झालं तेव्हा?

झूरा : घरी नव्हता.

बुर्माकान : कधीतरी गोड हाक मारली असेल मेल्यानं.

झूरा : 'ए' म्हणायचा. नाव घेतलं ते एकदाच.

बुर्माकान : कधी?

झूरा : परवा, वादळात.

बुर्माकान : परवा तर तो दाराशी गोठून... तूच म्हणालीस ना, काही ऐकू आलं नाही?

झूरा : आलं होतं. पोराला मारून प्यायला गेला होता. मी आतून कडी घातली. परत आला, दार बडवलं, शिव्या दिल्या. मग बराच वेळ काही नाही. मग 'झूरा' म्हणाला, अगदी हळू. पोर माझ्या कुशीत नुकतं झोपलं होतं. मी उठले नाही.

बुर्माकान : आणखी कुणाला सांगितलंस?

झूरा : कुणाला सांगू?

बुर्माकान : सांगू नकोस. गा.

झूरा : काय गाऊ?

बुर्माकान : हेच. 'दाराशी माझं नाव घेतलंस, मी उठले नाही.' म्हण.

झूरा : दाराशी माझं... माझं नाव...

बुर्माकान : बघ, आता शेळ्या मोजल्यासारखं नाही वाटत.

झूरा : पण आपा, सगळ्यांसमोर? कळेल त्यांना.

एसेनकुल (दीर, बाहेरून) : वहिनी, पाहुण्यांचे घोडे ओढा उतरले. सूर लावा.

बुर्माकान : लावते रे, दम धर. इकडे बघ, झूरा. या खोऱ्यात नवरा गेला की बायका हेच गातात. तू हाक मारलीस, मी उठले नाही. लोकांना सवय आहे. माना हलवतात, डोळे पुसतात.

झूरा : त्या सगळ्या नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात?

बुर्माकान : मी कधी कुणाला विचारलं नाही.