दही-साखर आणि बोटांचे ठसे

लहानपणी वाटीत चमचा खणकला की कळायचं, कुणीतरी मोठ्या कामाला निघालंय. आई त्याच्या हातावर दही-साखर ठेवायची. परवा इथे परदेशात, ब्लॅकटाउनला आमच्या हिने तेच केलं, तेही थेट लायसनच्या ऑफिसच्या दारात, डब्यातून!

मला सीसीटीव्हीच्या खोलीत बसून पहारा ठेवायच्या नोकरीसाठी लायसन हवं होतं. कोर्स पास झालो होतो, बोटांचे ठसे तेवढे राहिले होते. दही चाटून खुशीत आत गेलो. मशीन ठसा घेईना. पुन्हा घेईना. ठसे नाहीत तर लायसन नाही.

तिथली मुलगी दिल्लीकडची. म्हणाली, "अंकल, हाथ में क्या लगा है?"

"दही. शक्कर भी."

ती पोट धरून हसली. मी हात धुऊन आलो आणि दहाही बोटं झटक्यात उमटली! "हो गया, अंकल!"

पुढच्या माणसाला बोलवायला ती माझ्या मागोमाग बाहेर आली. हिने तिला गाठलंच. "काम हुआ ना बेटी? मेरे दही से हुआ!"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान हलवली, सांगू नकोस म्हणून. तिने ओठ घट्ट दाबले आणि पुढच्या माणसाला घेऊन आत निघून गेली.