लोकरीची तुती

…आणि वर मलाच म्हणतो, ‘आर्डिस, तू श्वास फार मोठ्यानं घेतेस!’ श्वास! तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्या बोलण्याला नावं ठेवली, घोरण्याला ठेवली, माझ्या पावातल्या मिठाला ठेवली, सगळं ऐकून घेतलं मी. पण श्वास? आता श्वाससुद्धा वेंडेलला विचारून घ्यायचा? हसू नका. आधी ती कढई ढवळा, कोंबडी खाली लागेल. चर्चच्या जत्रेचं हे बूया, एवढं कढईभर कोंबडीचं कालवण, करपलं तर म्हणतील, आर्डिसच्या तोंडाला खळ नव्हता म्हणून करपलं.

कुठे होते मी? हां, कयाकमध्ये. जिनं उभ्या जन्मात वल्हं फक्त या बूयाच्या कढईत फिरवलं ती मी, ढोपरभर पाण्यात, त्या अरुंद डोंगीच्या नाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसलेय, पाठीमागे वेंडेल गळाची काठी घेऊन, डोक्यावरून त्याची दोरी सूं सूं करत जातेय… आणि मी गप्प. मी!

का, म्हणून विचारा ना. वेंडेलचे डोळे. गेले नव्हते हो, जात होते. मधलं गेलं होतं, कडेकडेचं उरलं होतं. ताटात बघितलं तर ताट दिसायचं नाही, ताटाभोवतीचं टेबल दिसायचं. माझं तोंड बघायचं असलं की माझ्या कानाकडे बघायचा. आधी मला वाटलं, कानात काही गेलंय की काय माझ्या! मी आपली आरशासमोर कान धुतेय, पुसतेय… आणि हा तिकडे माझं तोंड शोधतोय.

त्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण गोड बोलणाऱ्या नव्हेत. म्हणाल्या, ‘बर्फ पडेपर्यंत कडेचंही जाईल. काय बघायचं ते या उन्हाळ्यात बघून घ्या.’ मी गाडी चालवत घरी आले, रस्ता धूसर, मला वाटलं पाऊस आलाय, काच पुसायची ती काठी सुरू केली तर ती कोरड्या काचेवर करकरतेय. म्हटलं आता हा म्हणेल, मुलीकडे जाऊ, नातींना बघू. गेलाबाजार म्हणेल, आर्डिस, उजेडात उभी राहा जरा, तुला बघतो. काय म्हणाला असेल?

‘बिशप.’

आपले चर्चचे नव्हेत हो! मासा. कार्प. आता कार्प म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडलंत ना? मुरडणारच. या खाडीवर शुक्रवारी तळतात तो पर्च. कुणाला ट्राउट मिळाला तर तो फोटो काढून भिंतीवर लावतो. आणि कार्प मिळाला तर शेजारी विचारतो, ‘गुलाबांच्या मुळाशी पुरणार की भोपळ्यांच्या?’ पण वेंडेलला विचारा! ‘ट्राउट काय, भुकेला पोरगा आहे, समोर टाकाल ते गिळेल. कार्प विचार करतो, आर्डिस.’ मी म्हटलं, बरं आहे, घरात विचार करणाऱ्या कुणाचं तरी नाव निघालं.

आणि बिशप का? तर तो अंगानं भरलेला, सोनेरी, संथ चालीचा. तो आला की बाकीचे बाजूला सरतात. शेपटीच्या वरच्या टोकाला एक तुकडा गेलेला. वेंडेलनं त्याला एकदा गळाला लावलं होतं, दोरी तोडून गेला. तेव्हापासून दर उन्हाळ्याला याचं हेच एक वेड. तर या शेवटच्या उन्हाळ्यात त्याला बिशपला हात लावायचा होता. बायकोला नव्हे, बिशपला! तुम्हाला सांगते…

आता हे पकडणं कसं, तेही ऐका. गांडूळ चालत नाही, कणीक चालत नाही. पिसं आणि लोकर गळाला बांधून खोटा किडा करायचा आणि विचार करणाऱ्याला फसवायचं. त्यातून आमच्या शेजारच्या गस जॅडिनच्या धक्क्यावर तुतीचं झाड पाण्यावर वाकलंय. जुलैत तुती पिकली की डुबुक, डुबुक पडते, आणि घंटा झाल्यावर शाळेतली पोरं जेवायला धावतात तसे कार्प झाडाखाली येतात. म्हणून त्या दिवसांत किडा नाही, लोकरीची तुती. लोकर कुणाची? माझ्या जांभळ्या स्वेटरची! दर वर्षी बाही थोडी उसवायची. आधी मनगट गेलं, मग कोपर, आता तो स्वेटर बिनबाह्यांचा आहे आणि हा म्हणतो, ‘उन्हाळ्यात बराय की!’

या वर्षी त्याला गाठ दिसेना. टेबलाशी बसून लोकर गळाला गुंडाळायचा, सुटायची, पुन्हा गुंडाळायचा. बोटाला गळ लागला, रक्त आलं, ते त्याला दिसलंच नाही, तसाच गुंडाळत राहिला. मी उठले. त्याच्या हातातून काढून घेतली, क्रोशाची सुई आणली आणि विणली एक तुती. दाण्यादाण्याची, बुटकी, देठासकट. गसच्या झाडाची पिकलेली तुती चुरडून तिचा रंग चढवला वर. वेंडेलनं बोटांत फिरवून बघितली. ‘जरा जड आहे,’ म्हणाला. मग थोड्या वेळानं, ‘जड चांगली. डुबुक वाजेल.’ कौतुक म्हणतात ते आमच्या घरी एवढंच.

तर गंमत अशी, की कार्प हाताला कळू देत नाही. झटका नाही, ओढ नाही. ओठ पुढे करतो, तुती आत घेतो, आवडली नाही की थुंकतो, आणि काठी धरणाऱ्याच्या हाताला पत्ता नाही. ते डोळ्यांनीच बघायचं. आणि डोळे तर… म्हणून मी. म्हणून मी डोंगीच्या नाकावर! ‘आर्डिस,’ हा म्हणाला, ‘तू फक्त एक शब्द बोलायचास: “आता”. बाकी गप्प. डोंगीत बोललेलं त्यांना पाण्यात ऐकू जातं.’

एक शब्द. मला! पहिल्या संध्याकाळी त्यानं काठी मागे नेली आणि जे पहिलं गळाला लागलं ती माझी टोपी. दुसऱ्यांदा माझा केसांचा आकडा. मग एकदाची तुती पाण्यात पडली, एक सोनेरी पाठ वळली, आणि मी म्हटलं, ‘अगं बाई, आला बघ वेंडेल, केवढा आहे रे, मिशा आहेत त्याला, तोंड उघडलं, घेतली, घेतली बघ, अरे ओढ ना!’ …एवढं होईपर्यंत तो घेऊन, चाखून, थुंकून, मातीचा धूर सोडून गेलासुद्धा. वेंडेल म्हणाला, ‘यातला “आता” कुठला होता?’

धक्क्यावर गस हसून हसून वाकला. ‘वेंडेल, लेका, कार्पला बायबल वाचून दाखवायला आणलंस का तिला?’

मग मी धागा काढला. त्याच स्वेटरचा. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं त्याच्या घोट्याला. माशानं तोंड मिटलं की मी ओढायचं, त्याच्या पायाला हिसका बसला की त्यानं डाव्या हातानं दोरी खेचायची. बोलणं नाही, काही नाही. गस ओरडला, ‘कुणी कुणाला बांधलंय रे?’ वेंडेल म्हणाला, ‘चर्चमध्ये तू होतास ना रे साक्षीला? आता विचारतोस?’ …आणि मी गप्प. मी! दातावर दात दाबून.

आणि तरी मासा लागेना! मी ओढतेय, हा खेचतोय, गळ रिकामा. मी ओढतेय, हा खेचतोय, रिकामा. वेंडेलला वाटलं त्याचाच हात मंदावला. काठी खाली ठेवली आणि हाताकडे बघत बसला, म्हणजे हाताच्या कडेला बघत बसला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, तुम्हाला सांगते, मीच केलेला घोटाळा! मी तुती इतकी हुबेहूब विणली होती की मलाच ओळखू येईना. वरून खऱ्या तुती पडताहेत डुबुक डुबुक, त्यात माझी एक. मासा खरी खायचा आणि मी धागा ओढायची!

मी कुजबुजले, ‘पिवळा तुरा लावते तिला.’

‘तुतीला पिवळा तुरा कधी बघितलास?’

‘मला दिसायला नको?’

‘माशाला कळेल!’

‘मग विचार करू दे त्याला. करतो ना विचार?’

लावला. माझ्या भांड्याच्या फडक्याचा पिवळा दोरा. वेंडेल मेल्यासारखं तोंड करून ती तुती फेकत होता. तुतीचा हंगाम सरत आलेला, झाडावर वरच्या फांद्यांनाच काय ती उरलेली. मी बघितलं तर गस, तोच गस, दाताळं घेऊन वरची फांदी हलवतोय. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाला, ‘माझ्या बोटीवर डाग पडतात, म्हणून झाडतोय.’ बोट तर त्या बाजूला नव्हतीच.

डुबुक. डुबुक. आणि पिवळा तुरा.

एक आला. हळू. पाणी इतकं उथळ की पाठ वर उघडी. त्यानं ओठ पुढे केले… तुम्ही कधी बघितलेत? नाही बघितलेत. कुणी बघत नाही, भोपळ्याखाली पुरतात. बाळ झोपेत चोखतं ना, तसे. पिवळा तुरा दिसेनासा झाला आणि मी धागा असा ओढला की वेंडेलचा पाय माझ्या पाठीत बसला, आणि त्यानं दोरी खेचली, आणि पाणी फुटलं!

मासा पळाला, डोंगी पळाली, पण आम्ही चिखलात खुंटा रोवून डोंगी बांधलेली, ती सोडायची राहिली! मग काय, खुंट्याला बांधलेल्या शेरडासारखे आम्ही गोल, गोल, गोल. काठीवरची दोरीची चकरी किंचाळतेय, गस धक्क्यावरून ओरडतोय, ‘खुंटा उपट, आर्डिस! खुंटा!’ मी उपटला, डोंगी सुटली, मासा आम्हा दोघा म्हाताऱ्यांना घेऊन खाडीत निघाला. आणि मागून आवाज आला. मला वाटलं वेंडेलला धाप लागली. हसत होता. डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून पहिल्यांदा. ‘आर्डिस, कुठे नेतोय ग?’ म्हणाला. ‘मला काय माहीत,’ म्हटलं मी, ‘पण तुझ्यापेक्षा बरा नेतोय!’

शेवटी दमला. डोंगीच्या कडेला आडवा झाला, तोंड उघडझाप करत. वेंडेलनं बाह्या वर केल्या, हात पाण्यात घातले, माशाखाली. आणि पाण्याकडे तोंड करून मला विचारलं, ‘तोच का?’

मी बघितलं. शेपटी अख्खी होती. टोकापासून टोकापर्यंत नवी कोरी, कातरून ठेवल्यासारखी. मासाही मध्यमच. मी तोंड उघडलं आणि शब्द येईना. मी! मग आला. ‘तोच,’ म्हटलं. ‘तुकडा गेलाय शेपटीचा. तोच.’

वेंडेलनं हात पुढे सरकवला. डोक्यावरून, पाठीवरून, खवल्यांवरून. शेपटीपाशी आला. एकदा फिरवला. पुन्हा फिरवला, सावकाश, वरच्या टोकावर बोट ठेवून. मी श्वास धरून. मोठा नव्हे, छोटा नव्हे, श्वासच नाही.

‘बिशपच,’ म्हणाला. ‘जरा वाळलाय.’

आणि सोडून दिला.

…ढवळा ना कढई, माझ्याकडे काय बघताय?

हे जुलैचं. आता सप्टेंबर. झाडावर तुतीचं नाव नाही. आणि बर्फ पडेपर्यंत म्हणाल्या होत्या, पण याच्या डोळ्यांनी बर्फाची वाट बघितली नाही. आता याला माझा कानही दिसत नाही. तरी काल संध्याकाळी म्हणाला, ‘चल.’ काठी घेतली नाही. खांद्याला धरून मी त्याला डोंगीत बसवलं, झाडाखाली नेलं, खुंटा रोवला आणि सवयीनं गप्प बसले. तर म्हणतो, ‘बोल की.’

‘काय बोलू?’

‘दिसतंय ते बोल.’

तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मला बोल म्हणाला! मग काय, बोलले. ऊन कसं तिरकं पडलंय, लव्हाळी कशी तांबडी झालीत, झाडाची पानं कशी पिवळी पडलीत. आणि मी बोलतेय म्हटल्यावर मासे काय थांबतात? होते नव्हते ते मातीचा धूर सोडून गेले. रिकामं पाणी. आणि मी आपली सांगतेच आहे, ‘आला बघ वेंडेल, बिशप आला, बाकीचे सरले बाजूला, मिशा हलवतोय…’

डुबुक.

वळून बघितलं तर गस. धक्क्यावर, आमच्याकडे पाठ करून, मुठीत खडे घेऊन उभा. पुन्हा एक टाकला. डुबुक.

‘ऐकलंस?’ मी म्हटलं. ‘तुती पडली.’

वेंडेलनं डुबुक झालं त्या बाजूला कान केला. मग म्हणाला, ‘गसला सांग, सप्टेंबरात तुती पडत नाही.’ आणि वर, ‘आणि तू एवढी बोलत असताना बिशप काय, कुठलाच कार्प थांबायचा नाही.’

मी गप्प. मी!

मग मागून हात आला, चाचपत चाचपत. आधी डोंगीची कड सापडली, मग माझा खांदा. ‘थांबलीस कशाला?’ म्हणाला. ‘मिशा हलवतोय म्हणालीस… पुढे?’

पुढे काय, अंधारून येईपर्यंत बोलत होते. आता रोज बोलावं लागणार. एवढी वर्षं वाटायचं, या माणसानं एकदा तरी बोल म्हणावं. म्हणाला एकदाचा… तर घसाच बसला माझा. आणा ते वल्हं इकडे, तुमच्यानं नाही व्हायचं.