कोरडा पाणीमहाल

माझा जुना दोस्त मल्लप्पा वारल्याचा निरोप आला, तेव्हा मी सायकलच्या चेनला तेल देत होतो. नळदुर्गच्या किल्ल्यातला बंधारा भरून वाहतोय म्हणून रविवारी आम्ही दोघं निघणार होतो.

याआधी एकदा, बहात्तरच्या दुष्काळात, आम्ही सोलापुराहून तिथवर सायकली मारल्या होत्या. किल्ल्याच्या दारातल्या चहावाल्याला मल्लप्पानं विचारलं, "बंधाऱ्यात पाणी हाय का?"

"टिपूस न्हाय."

यानं तिथूनच सायकल वळवली.

मी म्हणालो, "लेका, एवढे चढ चढून आलोय. बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल बघून तरी जाऊ."

"खिडकीसमोर पाणीच पडत नसलं तर कसला पाणीमहाल? चल. त्यो कुटं पळून जातोय? पावसाळ्यात येऊ की."

त्यानंतर बंधारा कितीदा तरी भरून वाहिला. पाणीमहाल मी अजून पाहिलेला नाही.