मीरोनचा मूस

नाही नाही, विल्फ, तू परत एकदा बघ. कंप्रेसर चांगला आहे म्हणे! चांगला असता तर वरच्या फ्रीजरमधून असं लाल पाणी गळलं असतं का? मागची जाळी मी स्वतः ब्रशने झाडली, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, दारात कागद धरून ओढून पाहिला — रबर घट्ट आहे. म्हणजे बिघाड आत असणार. असणारच. इतकी वर्षं तळघरात होता, एक तक्रार नव्हती बिचाऱ्याची — काय? हो, तळघरातच होता. इथे गॅरेजात हिवाळ्यात आणला, ओरेस्टने आणि शेजारच्याने ढकलगाडीवरून. का म्हणजे? जागा लागते माणसाला.

म्हणजे तुझं म्हणणं असं, की गॅरेजच गार, म्हणून खालच्या कप्प्याला वाटतं आपलं काम झालं, मशीन सुरूच होत नाही, आणि वरचं वितळत बसतं? थंडीमुळे वितळलं? कॅनडात, मॅनिटोबात? रस्त्याकडेला अजून बर्फाचे ढीग आहेत आणि माझ्या फ्रीजरमध्ये मांस सडलं, हे मी जावेला, हलिनाला सांगू? वेड्यात काढेल ती मला. — हो, कडाक्याच्या थंडीत दगडासारखं होतं सगळं, ते खरं. कडाका ओसरला तेव्हापासूनच… माझा सासरा गॅरेजातल्या फ्रीजमध्ये कायम एक बल्ब पेटवून ठेवायचा. आता कळलं, ऊब द्यायला, मशीन सुरू राहावं म्हणून. मला वाटायचं, म्हाताऱ्याला अंधाराची भीती वाटते. किती हसले होते मी.

आत काय होतं ते तुला ठाऊक आहे ना? मीरोनचा मूस. माझा दीर रे, ओरेस्टचा भाऊ, तुझ्याबरोबर हॉकी खेळायचा तो. त्याची शेवटची शिकार, घोड्याएवढं हरीण. हॉस्पिटलात पडल्या पडल्या म्हणाला, ‘जमीन वितळली की मला पुराल, तेव्हा जेवणात माझाच मूस वाढा, दुकानातली कोंबडी वाढलीत तर उठून येईन.’ शनिवारी पुरायचंय त्याला. हिवाळाभर जमीन दगड, म्हणून शवागारातच ठेवला होता; आता कुठे कुदळ घ्यायला लागलीय. सगळं गाव येणार, आणि मी काय वाढू? पुडकी त्याने स्वतः बांधली होती. दोरीला त्याची ती गाठ, कात्रीशिवाय सुटत नाही अशी.

त्याच्या हलिनाचा फ्रीज लहान, म्हणून मीच म्हटलं, आण माझ्याकडे. मीच म्हटलं बरं का, कोणी गळ घातली नव्हती. मग ती यायला लागली. रोज. तळघरात जायची, फ्रीजर उघडून त्या पुडक्यांवर हात ठेवायची, मग वर येऊन स्वयंपाकघरात बसायची. चहा. परत चहा. मीरोन असं म्हणाला, मीरोन तसं म्हणाला — तेच ते, तेच ते. ओरेस्ट तर तिची गाडी दिसली की ट्रॅक्टरखाली जाऊन झोपायचा. मला कंटाळा — कंटाळा नाही, तसं म्हणत नाही मी. पण सख्खी जाऊ झाली तरी माणसाने ऐकायचं किती? म्हणून म्हटलं, गॅरेजात ठेवू. वेगळं दार आहे, किल्ली तिला देऊन टाकली. ये, बघ, जा. गारठ्यात किती वेळ उभी राहील?

राहिली, विल्फ. कितीतरी वेळ उभी राहायची. मी खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे. मग एक दिवस यायचीच बंद झाली. आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. ती येत राहिली असती तर तिलाच कळलं असतं ना, पुडकी मऊ पडलीत ते? मी तर एकदाही उघडला नाही. वास घरात आला तेव्हा उघडला.

म्हणून म्हणते, तू फक्त एवढं म्हण — कंप्रेसर गेला. यंत्रावर खापर फोडलं तर यंत्राला काय लागतंय? तुझं ऐकेल ती. माझं ऐकून — असा बघू नकोस माझ्याकडे. तुझी आई अश्शीच बघायची, चर्चमध्ये पेरोहीच्या करंज्या भरताना माझ्या एखाद्या पेरोहीची कड उघडी राहिली की.

गाडी आली का? तीच. मीच बोलावलंय, तुझ्या तोंडून ऐकेल म्हणून. विल्फ, थांब, नुसतं एक वाक्य — नाही. नको. उचल ती हत्यारं. मागच्या दाराने जा. काही सांगू नकोस कोणाला, जे सांगायचं ते मी… जा म्हणते ना!

हलिना! अगं, गॅरेजच्या दाराकडे कुठे निघालीस? इकडून ये. घरातून. बूट राहू देत पायात, फरशीचं मरू दे. ये. बैस आधी. आज मला बोलायचंय.