म्हशीमागं हुबं ऱ्हायलेलं पांढरं बूट

ह्यात शेवटी भुर्दंड कुणाला पडला, ते वळखून दावा. वळखलासा तर आजचा च्या माझा.

माझी सुमी पहिल्या बाळंतपणाला म्हायारी कोडोलीला आलती. एक दिवस पांढरं बूट घातल्यालं एक पोरगं शहरातनं घरला आलं. म्हनलं, "बाळ जन्मलं की त्याच्या नाळेतलं रक्त आमच्या ब्यांकेत ठेवा. उद्या त्याला मोठं दुखणं आलं आणि रक्त ठेवलेलं नसलं, तर जन्मभर पस्तावाल, ताई."

सुमीचं तोंड एवढंसं झालं. "आबा, ठिवूया काय वो?"

डॉक्टरीणबाई गरज न्हाई म्हनल्या हुत्या. पण एकदा भ्या बसलं की पोरगी कुणाचं ऐकती?

मी म्हनलं, "ठिवू की, पावणं. पण आमची म्हसबी आज व्यायला झालीया. व्याली की पंधरा लिटर दूध देती. तिच्या रेडकाचंबी रक्त ठिवशीला?"

गड्यानं खिशातनं फोन काढला. "होईल की आबा. साहेबांना विचारतो. दोन्ही घेतलं तर सूटबी बसवतो."

सुमी पोट धरून हसाय लागली. "आबा, ह्यो म्हशीलाबी गिऱ्हाईक करतोय. मला न्हाई ठिवायचं."

मी म्हनलं, "आगं, निदान म्हस तर दावू पावण्याला." गोठ्यात नेऊन त्याला बरोब्बर म्हशीच्या मागं हुबा केला. आन तवाच तिची पाणमोट फुटली, समदं पाणी त्याच्या बुटांवर.

रक्त जन्मभर जपतो म्हननारा गडी, पर त्याचं नवं बूट आमच्यात अर्धा तास टिकलं न्हाईत. गेला माझी जुनी स्लीपर घालून.