माह्या रंगाची क्रीम

...अन् वरून नीतू मलेच म्हणते, मामी, तू रिव्ह्यू नीट वाचले नसशील! काऊन जी, वाचले नाही कायले? सगळ्या बायांनी त्या क्रीमबद्दल ‘छान, छान’ लिहून ठेवलं होतं. सगळ्यांसाठी म्हणे! म्हणून पोट्ट्याच्या साक्षगंधाले मी तोंडभर लावली, अन् फोटो पाहता तर... तोंड पांढरंफटक, मान काळी, जसं कोणाचं तोंड कोणाच्या मानेवर! त्याच्या लगनात तरी मले माह्यासारखं दिसू द्या, एवढंच मागणं होतं माहं.

ही नीतू माही भाची. नागपुरात त्याच क्रीमच्या कंपनीत रिव्ह्यूचं पान बनवते. मी झापलं तिले फोनवर, लिहिणारी बाई गोरी का काळी, एसीत बसते का उन्हात, हे कोण सांगन? पोरगी गुणाची, पान बदलवलं तिनं. आता आधी हात मोबाइलजवळ धरायचा, रंगांच्या टिकल्यांतून आपला रंग निवडायचा, मग लिहायचं. सगळ्यांसाठी म्हणे! तुमच्याकडच्या बायांनी रंग निवडला का कंपनी त्या रंगाची क्रीम काढते, असंही म्हणाली.

आता सांगू का तुम्हाले, आमच्या बिरसी गावात धानाची रोवणी चालू. बाया सापडतीन कुठं? शेतातल्या बांधीत! मीही रोवता रोवता फोन घेऊन शेताच्या धुऱ्यावर उभी, अन् एकेक बाई पऱ्ह्याची, रोपांची जुडी खाली ठेवून येऊन राहिली, हात धरून राहिली, रंग निवडून राहिली. मंदाबाई आमच्यातली गोरी, तिचाही तोच रंग, माहाही तोच. मले तर भरून आलं जी, केवढी एकी आपल्या गावात!

कंपनीलेही भरून आलं असन. लगनाच्या आधी नवी ट्यूब आली, खास आमच्या गावचा रंग. आरशात जराशी शंका आली मले, पण म्हटलं एवढी मोठी कंपनी चुकते थोडीच! फासली अन् मांडवात गेली. तं विहीणबाई लोटा घेऊन पुढं, हळूच म्हणते, “बाई, शेतातून सरळ आल्या का? तोंड धुऊन घ्या, फोटोवाला थांबते.”

तवा डोस्क्यात उजेड पडला. बांधीत कोणी हातच धुतले नव्हते जी! कोपरापर्यंत चिखल, अन् आम्ही त्याचाच रंग निवडून राहिलो!

तोंड धुतलं त्याच लोट्यानं. आता नीतू मागं लागली, मामी, रिव्ह्यू लिही ना. लिहिला... पाच तारे देल्ले. पाण्यानं एका झटक्यात निघते!