ओळख लागत नाही

—आवाज नको चढवूस, श्रुतिका! ट्रिगर म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. हा डेटाबेस मी बांधलाय, सातवी नापास बाईने, केस पांढरे झाल्यावर, नातवाच्या जुन्या पुस्तकावरून. तू आत्ता कुठे आलीस इथे. बरं, दाखव. हो, दिसतंय मला. पूर्वी आपल्या या केंद्रातून व्हीलचेअर हवी, वॉकर हवा, तर आधी एखाद्या सभासदाची शिफारस लागायची, म्हणून प्रत्येक रुग्णाची नोंद शिफारसदारांच्या टेबलाला, म्हणजे त्यांच्या यादीला, फॉरिन कीने बांधलेली; यादीत नाव नसेल तर नोंदच नाही. मीच भांडून ती पद्धत मोडली — दारावरची पाटी बघ, ‘ओळख लागत नाही’, अक्षर माझं आहे — आणि ते टेबलही उडवलं. पण त्याआधी डेटाबेसची जुनी प्रत नव्या मशिनवर चढवताना त्या कीचे ट्रिगर, नोंद भरली की आपोआप यादी तपासणारे ते हुकूम, सुटे होऊन आले होते, ते टेबलाबरोबर गेले नाहीत, मागे राहिले. नवा रुग्ण भरला की ते नसलेलं टेबल शोधत बसतात आणि नोंद अडते. एवढंच ना? मग मी आहे की! माझ्या पासवर्डने घटकाभर ट्रिगर बंद करायचे, नोंद भरायची, परत चालू— काय? परत चालू कशाला?

सवय गं. काढायचे राहून गेले. अशी बघू नकोस. लोक येतात, बाकावर बसतात, द्रौपदीबाई येऊ देत, त्यांच्या हातूनच होतं म्हणतात. मी आले की उठून उभे राहतात. जन्मभर घाटकोपरात लोकांची भांडी घासली मी, कोण उठत होतं माझ्यासाठी? — तर काय सांगत होतीस? काल मी मुलुंडला बारशाला गेले तेव्हा... कोण सुबोध? मानखुर्दचा? आईच्या पाठीला जखमा झाल्यात, हवेची गादी हवी होती? मग द्यायची ना, गादी इथे माळ्यावर पडलीय! — हो, नोंद झाल्याशिवाय काही द्यायचं नाही, तोही नियम माझाच. नोंद झाली नाही म्हणून तू त्याला परत पाठवलंस. तू नाही. मशिनने. मशिनने पण नाही, कोणी ते म्हण ना तोंडावर! ती बाई रात्रभर त्याच पाठीवर पडून... आणि बाहेर बाकावर बसलाय तो हाच? माझीच वाट बघतोय? मला बघून उभा राहील गं तो.

काढ ते ट्रिगर, एकूण एक काढ, माझा पासवर्डही काढ, आणि त्याला आत बोलाव — मी मागच्या दाराने जाते.